ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरची मदतपुस्तिका: सगळ्यांना लिहिता येईल अशी कुठे ठेवावी?

पानकिडा

नमस्कार मंडळी. तंत्रज्ञान विभागात बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय.

आम्ही काही मित्र मिळून गावोगावच्या सार्वजनिक ग्रंथालयांसाठी एक छोटं ओपन सोर्स सॉफ्टवेअर चालवतो. दाखल नोंद, सभासद, देवघेव, वर्गणी आणि वर्षाअखेरीला जिल्हा ग्रंथालय अधिकारी कार्यालयाकडे जाणाऱ्या अहवालाचे आकडे, एवढंच त्यात आहे. मोठ्या ग्रंथालयांसाठी कोहा हे मुक्त सॉफ्टवेअर आहेच. आमचं गिऱ्हाईक म्हणजे एक संगणक आणि एक ग्रंथपाल असलेलं, सरकारी वर्गवारीत खालच्या 'क' नाहीतर 'ड' वर्गाचं वाचनालय. कोड गिटहबवर, म्हणजे प्रोग्रॅमर मंडळी कोड ठेवतात त्या संकेतस्थळावर आहे.

घोडं अडलंय ते मदतपुस्तिकेपाशी. सध्या एक गूगल डॉक आहे. ते आम्हीच लिहितो आणि ते कायम मागे पडलेलं असतं. खरी माहिती व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात आहे. गहाळ पुस्तक नोंदीतून कसं काढायचं, वर्गणी मागच्या तारखेने कशी दाखवायची हे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. एखादा ग्रंथपाल झकास उत्तर देतो आणि दोन दिवसांत ते सुप्रभातच्या फुलांखाली गाडलं जातं.

ही उत्तरं देणाऱ्यांनाच थेट लिहिता येईल अशी जागा हवी आहे. डोळ्यांपुढे असलेले पर्याय: गिटहबची विकी, कोडसोबत मार्कडाऊन (साध्या खुणांनी सजवलेला मजकूर) फायली ठेवून रीड द डॉक्स या सेवेवर पानं तयार करणं, स्वतःच्या होस्टिंगवर मीडियाविकी (विकिपीडियाचं सॉफ्टवेअर) किंवा डोकुविकी, नाहीतर फुकट विकी देणारं एखादं संकेतस्थळ. खर्च आमच्याच खिशातून, त्यामुळे शेअर्ड होस्टिंगच्या पुढे झेप नाही. लिहिणारे बहुतेक मोबाइलवरून लिहिणार. जाहिरात वाटू नये म्हणून सॉफ्टवेअरचं नाव मुद्दाम दिलेलं नाही.

आग्यावेताळ

वाखुसा (वाचनखूण साठवली). विकी की गिट (कोडच्या बदलांचा इतिहास ठेवणारं सॉफ्टवेअर) म्हटल्यावर शंभरी नक्की. धाग्याचं काश्मीर व्हायच्या आत कामाचं लिहून घ्या रे.

चिंटू_रूट

यात विचार कसला करायचा? मार्कडाऊन, आणि तेही कोडच्याच रेपॉझिटरीत (साठ्यात). कारण सांगतो. तुम्ही उद्या देवघेवीचा पडदा बदललात तर ज्या कमिटमध्ये (बदलाच्या नोंदीत) कोड बदलला त्यातच मदतीचं पानही बदलतं. जुनी आवृत्ती वापरणाऱ्याला जुनं पान दिसतं, नवी वापरणाऱ्याला नवं. विकीत हे होत नाही. तिथे एकच पान असतं आणि ते नेमक्या कुठल्या आवृत्तीबद्दल बोलतंय ते लिहिणाऱ्यालाच ठाऊक.

रीड द डॉक्स २०१० पासून चालू आहे. ओपन सोर्सला फुकट, त्या बदल्यात पानावर एक छोटी जाहिरात दिसते. स्वतःचं डोमेन जोडता येतं. आणि कुणी काहीही लिहून गेला तरी तुम्ही मर्ज (मंजूर करून सामील) केल्याशिवाय ते वाचकापर्यंत जात नाही.

मोझिलाचं एमडीएन बघा. वेब डेव्हलपरांचं बायबल. वर्षानुवर्षं विकी होतं, डिसेंबर २०२० मध्ये सगळं गिटहबवर नेलं. त्यांना जे उमगलं ते आपण पहिल्या दिवसापासून करावं.

ग्रंथसखी

मी एका तालुक्याच्या 'ब' वर्ग ग्रंथालयात ग्रंथपाल आहे. पानकिडा यांचं सॉफ्टवेअर बहुधा तेच, जे आमच्या शेजारच्या गावात आहे. वर चिंटू_रूट यांनी लिहिलेलं दोनदा वाचलं. कमिट, मर्ज हे शब्द ऐकून आहे, पण ते मी करेन असं मला वाटत नाही.

आमचं काम कसं चालतं ते सांगते, त्यावरून तुम्हीच ठरवा. परवा एका वाचनालयातल्या ताईंचा फोन आला. सभासद वारले, त्यांच्या नावावर दोन पुस्तकं आहेत, घरचे म्हणतात सापडत नाहीत. अनामत कशी वळती करायची, पुस्तकं बाद कुठल्या महिन्यात दाखवायची आणि दाखल नोंदवहीतल्या शेऱ्यात काय लिहायचं? मी फोनवरच सगळं सांगितलं. ताईंनी ते सॉफ्टवेअरमध्ये केलं, झालं. आता हे उत्तर तुम्हा प्रोग्रॅमरांपैकी कुणालाच देता आलं नसतं, कारण यात बटणं दोन आणि बाकी सगळा ग्रंथालयाचा रिवाज आहे. फोन ठेवल्यावर मोबाइलवर पान उघडून, 'संपादन' दाबून, बोलून टंकन करून चार ओळी टाकता आल्या असत्या तर मी तिथल्या तिथे टाकल्या असत्या. त्यासाठी आधी नवं खातं, मग इंग्रजीतली चार पानं, मग कुणाच्या तरी मंजुरीची वाट, असं असेल तर राहू द्या. दुपारी शाळेची मुलं येतात.

मुळामुठा

ग्रंथसखी, +१००. या धाग्यातला सगळ्यात कामाचा प्रतिसाद.

चिंटू, एमडीएनची गोष्ट खरी आहे पण अर्धी आहे. ते २००५ मध्ये मीडियाविकीवर सुरू झालं, पुढे दोनदा विकीचं सॉफ्टवेअर बदललं, तिसऱ्यांदा विकीच सोडली. त्याआधी ऑगस्ट २०२० मध्ये मोझिलाने सुमारे अडीचशे लोक कमी केले होते, त्यात एमडीएनलाही झळ बसली. थोडक्यात, विकीचा गाडा ओढायला माणसंही उरली नव्हती. शिवाय गिटहबवर जाताना भाषांतरांचं काय झालं ते बघ. इंग्रजी सोडून बाकी सगळ्या भाषांतलं संपादन गोठवलं, आणि ज्या भाषांत जबाबदारी घेणारा स्वयंसेवकांचा गट उभा राहिला त्या भाषाच नंतर पुन्हा उघडल्या.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे एमडीएनवर लिहिणारे लोक कोण? वेब डेव्हलपर. ते दिवसभर गिटमध्येच असतात. त्यांना पुल रिक्वेस्ट, म्हणजे बदल मंजुरीला पाठवणं, सोपं वाटणारच. इथे लिहिणारी बाई देवघेवीच्या टेबलावर बसलेली आहे.

चिंटू_रूट

मग गिटहबवर पेन्सिलचं बटण असतं की. ब्राउझरमधूनच बदल करा, हिरवं बटण दाबा, पुल रिक्वेस्ट आपोआप बनते. कमांड लाइन लागत नाही.

मुळामुठा

बनते, पण त्याआधी खातं लागतं, इंग्रजी पडद्यावर 'फोर्क' म्हणजे काय ते कळावं लागतं, आणि २०२३ पासून तिथे कोड टाकणाऱ्यांना दोन टप्प्यांची ओळख सक्तीची करत आणली आहे. तुला मला ठीक आहे. एका वाचनालयाचा मेल आयडी अध्यक्षांच्या पुतण्याने काढलेला असतो आणि तो पुतण्या आता पुण्यात असतो.

आग्यावेताळ

=)) पुतण्या पुण्यात. हे दगडावर कोरून ठेवा.

वैनतेया

गिटहबच्या विकीबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. आमच्या एका प्रकल्पात वापरतो.

जमेची बाजू: फुकट, कोडच्या शेजारी, आणि विकी स्वतःच एक वेगळी गिट रेपॉझिटरी असते. म्हणजे कधीही अख्खी क्लोन (नक्कल) करून निघून जाता येतं. हा गुण फार विकींत नाही.

खर्चाची बाजू: विकीवर पुल रिक्वेस्टची सोय नाही. एकतर फक्त सहकाऱ्यांना लिहू द्यायचं, नाहीतर गिटहबचं खातं असलेल्या कुणालाही. मधला मार्ग नाही. आणि एक बारीक अक्षरांतली गोष्ट. शोधयंत्रांना विकीची पानं दिसायची असतील तर प्रकल्पाला किमान ५०० तारे (गिटहबवरची पसंतीची खूण) हवेत आणि सर्वांसाठीचं संपादन बंद हवं. हे त्यांच्याच मदतपानावर लिहिलंय. म्हणजे तुमची विकी सर्वांना लिहिता येणारी असेल तर ती गूगलवर सापडणारच नाही. पानकिडा, ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरला ५०० तारे मिळाले तर पेढे द्या.

माझ्या मते हा पर्याय तुमच्यापुरता इथेच संपला. तुमचा ग्रंथपाल मराठीत प्रश्न टाकून गूगललाच विचारणार.

पानकिडा

हे माहीत नव्हतं, आभार. गिटहब विकी यादीतून बाद. मोफत विकी देणाऱ्या ठिकाणांबद्दल कुणी सांगेल का? होस्टिंगची कटकट नको असंही आमच्यातल्या एकाचं म्हणणं आहे.

सदोबा

कटकट नको असेल तर ती कुणी तरी दुसरा करतोय, आणि तो ती का करतोय हे आधी विचारायचं. या धंद्यात तीस वर्षं काढल्यामुळे मला सगळ्या फुकट गोष्टींचं तेरावं आठवतं, त्यामुळे जरा कडवट लिहितोय, सांभाळून घ्या.

गूगल कोडवर हजारो प्रकल्प होते, त्यात विकीही होती. २०१५ मध्ये नवं काही टाकणं बंद, २०१६ च्या जानेवारीत दुकान बंद. विकीस्पेसेस शिक्षकांत फार लोकप्रिय होतं, २०१८ मध्ये गुंडाळलं. स्टॅक ओव्हरफ्लोसारख्या तगड्या मंडळींनी जुलै २०१६ मध्ये 'डॉक्युमेंटेशन' नावाचा विभाग काढला, लोकांनी हौसेने लिहिलं, ऑगस्ट २०१७ मध्ये बंद. मीराहेझ ही ना-नफा, स्वयंसेवकांची सेवा. तिथेही जून २०२३ मध्ये 'आता बंद करतोय' अशी घोषणा झाली. मग इतर मंडळींनी पुढे होऊन ती वाचवली. चांगले लोक आहेत, पण त्या आठवड्यात तिथल्या विकीवाल्यांची काय गाळण उडाली असेल ते बघा.

आणि बंद न पडलेल्याचा वेगळाच ताप. फुकट विकी देणारं विकिया २००४ मध्ये निघालं, २०१६ पासून फॅन्डम झालं. जाहिरातींना कंटाळून माइनक्राफ्ट या खेळाच्या विकीवाल्यांनी सप्टेंबर २०२३ मध्ये तिथून बिऱ्हाड हलवलं. मजकूर मुक्त परवान्याचा, त्यामुळे नेता आला. पण जुनी विकी तिथेच राहिली! तोच मजकूर, वर जाहिराती, आणि गूगलमध्ये तिचंच जुनं वजन. लोकांना नवा पत्ता कळायला किती तरी काळ जातो.

तेव्हा मी दोनच गोष्टी विचारतो. सगळं उचलून उद्या सकाळी निघता येईल का, आणि निघाल्यावर वाचक माझ्या मागे येईल का. पहिल्याला बॅकअप लागतो, दुसऱ्याला स्वतःचं डोमेन. सॉफ्टवेअर कोणतंही घ्या.

लायब्रीचा_लळा

सदोबा, डोमेनवरून आठवलं. ग्रंथालयाचाच धागा आहे तर कोहाचीच गोष्ट सांगतो, आमच्या महाविद्यालयात कोहा आहे.

कोहा न्यूझीलंडच्या एका ग्रंथालय ट्रस्टसाठी १९९९ मध्ये लिहायला घेतलं, २००० च्या जानेवारीत चालू झालं. जगभरचे लोक जोडले गेले. संकेतस्थळ मात्र, म्हणजे कोहा डॉट ओआरजी, लिबलाइम नावाच्या अमेरिकन कंपनीच्या ताब्यात होतं. सगळं गोडीगुलाबीत होतं तेव्हा कुणाला त्याचं काही वाटलं नाही. २००९ च्या सुमारास कंपनीचं आणि समुदायाचं बिनसलं, पुढच्या वर्षी ती कंपनी दुसऱ्या कंपनीने विकत घेतली, आणि पत्ता काही समुदायाच्या हाती आला नाही. शेवटी मंडळींनी कोहा-कम्युनिटी डॉट ओआरजी हे नवं डोमेन घेतलं, विकी आणि पुस्तिका तिथे थाटली. २०११ मध्ये तर नावाच्या ट्रेडमार्कवरूनही न्यूझीलंडमध्ये गदारोळ झाला.

कोड मुक्त होता म्हणून प्रकल्प तगला. पण जुन्या लेखांमधले, पुस्तकांमधले दुवे सगळे जुन्या पत्त्याचे. पानकिडा, डोमेन कुणाच्या नावावर आहे तुमचं?

पानकिडा

अजून घेतलेलंच नाही. आमच्यातल्या एकाच्या नावावर घ्यायचं ठरत होतं.

लायब्रीचा_लळा

तिघांचौघांकडे पासवर्ड असू द्या आणि नूतनीकरणाचं स्मरणपत्र एकापेक्षा जास्त मेलवर जाऊ द्या. बाकी मैत्री आहेच.

चिंटू_रूट

ठीक. सदोबांचं पटलं. पण स्वतःच्या सर्व्हरचं तेरावं कुणी सांगणार नाही का? मी सांगतो.

जेंटू लिनक्सची एक अनधिकृत विकी होती, भलतीच गाजलेली. मीही तिच्यावरूनच कर्नल कंपाइल करायला शिकलो. ऑक्टोबर २००८ मध्ये एके दिवशी डेटाबेस गेला. बॅकअप नाही. लोक गूगलच्या कॅशेतून एकेक पान वेचत बसले होते.

दुसरं, डिसेंबर २०१२ च्या शेवटी पायथनच्या अधिकृत विकीत मॉइनमॉइन या विकी सॉफ्टवेअरच्या एका भोकातून कुणी तरी घुसलं आणि जानेवारीत तिथला डेटा पुसून गेलं. त्याच भोकातून डेबियनच्या विकीतही शिरकाव झाला होता. पायथन आणि डेबियन! त्यांच्याकडे सिस्टिम अ‍ॅडमिनची फौज आहे. तुम्ही नोकरी सांभाळून सुरक्षेचे पॅच कधी लावणार? स्थिर एचटीएमएल पानांत घुसायला काही नसतंच.

मुळामुठा

मुद्दा बिनतोड आहे, मान्य. पण यातून 'विकी नको' असं निघत नाही, 'विकीचा बॅकअप दुसऱ्या ठिकाणी हवा' असं निघतं. मीडियाविकीच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्त्या येतात, त्यांना तीनेक वर्षं सुरक्षेचे पॅच मिळतात. १.३५ पासून दृश्य संपादक सोबतच येतो. पूर्वी त्यासाठी नोडचा वेगळा सर्व्हर चालवावा लागायचा, शेअर्ड होस्टिंगवर ते अशक्यच. आता साध्या पीएचपीवर भागतं. ग्रंथसखींना अवतरणचिन्हांचं विकी व्याकरण शिकवायची गरज नाही. आणि पडदा मराठीत. मराठी विकिपीडियावर ज्यांनी एकदा तरी संपादन केलंय त्यांना काहीच नवं नाही.

बॅकअप घेताना एक ध्यानात ठेवा. फक्त एक्सएमएल उतरवून भागत नाही. डेटाबेस आणि चित्रांचा फोल्डर, दोन्ही घ्यायचे.

वैनतेया

डोकुविकीची बाजू मी घेते. डेटाबेसच नाही. प्रत्येक पान म्हणजे एक साधी टेक्स्ट फाईल. फोल्डर कॉपी केला की बॅकअप झाला. २००४ पासूनचं सॉफ्टवेअर आहे, स्वस्तातल्या स्वस्त होस्टिंगवर पळतं. उद्या चिंटूच्या वाटेने मार्कडाऊनकडे जायचं ठरलं तर फायली रूपांतरित करणंही सोपं.

देवनागरीवाला

थांबा, थांबा. इतका वेळ सगळे जणू इंग्रजी पुस्तिकेबद्दल बोलताहेत. ही मराठीत असणार आहे ना? मग खरे खड्डे पुढे आहेत.

आधी डोकुविकी. पानाचं नाव हेच फाईलचं नाव. नेहमीच्या मांडणीत ते नाव टक्केचिन्हं घालून साठवलं जातं. देवनागरीचं एक चिन्ह यूटीएफ-८ (संगणकात अक्षरं साठवायची पद्धत) मध्ये तीन बाइट, आणि टक्केचिन्हांत त्याची नऊ अक्षरं होतात. फाईलच्या नावाला लिनक्सवर २५५ ची मर्यादा. हिशोब करा: मात्रा, काने, हलन्त सगळे धरून सत्तावीसच्या आसपास चिन्हं. 'गहाळ पुस्तकाची नोंद कशी करावी' एवढं शीर्षक जेमतेम मावतं, त्याहून फार लांब नाही! उपाय आहे, सेटिंगमध्ये फाईलची नावं थेट यूटीएफ-८ मध्ये ठेवायला सांगता येतं. पण हे पहिलं पान लिहायच्या आधी करा. मीडियाविकीत शीर्षकाला २५५ बाइट, म्हणजे ८५ चिन्हं. तिथे सहसा अडत नाही.

आता स्फिंक्स, म्हणजे रीड द डॉक्सवर पानं तयार करायला सर्रास वापरतात ते सॉफ्टवेअर. त्याचा आतला शोध मराठीला निकामी आहे. तो शब्द तोडतो पायथनच्या नेहमीच्या नियमाने, आणि त्या नियमाला वेलांटी, उकार, हलन्त ही अक्षरं वाटतच नाहीत. 'पुस्तक' चे तो तीन तुकडे करतो: प, स, तक. चिंटू, तुझ्या सुंदर स्थिर पानांवर ग्रंथपाल 'पुस्तक' शोधणार आणि शोधयंत्र 'तक' चा ठाव घेत बसणार. विभक्तीचं तर विचारूच नका. 'नोंदवही' शोधलं तर 'नोंदवहीत' असलेलं पान मिळेलच असं साध्या मीडियाविकीतही नाही. म्हणून पानाच्या सुरुवातीला मूळ रूपातले शब्द पेरून ठेवायचे.

तिसरा खड्डा म्हणजे 'ऱ्या'. 'दुसऱ्या सभासदाच्या नावावर पुस्तक' हे शीर्षक दोन फोनवरून दोन तऱ्हांनी टंकलं जाऊ शकतं. एकात खास 'ऱ' असतो, दुसऱ्यात साधा 'र' आणि पुढे डोळ्यांना न दिसणारं जोडचिन्ह. दिसायला जुळे भाऊ, संगणकाला दोन वेगळी पानं. एकाचं दुसऱ्याकडे पुनर्निर्देशन करून ठेवावं लागतं, आणि हे कुणी तरी अधूनमधून बघावं लागतं.

चौथा खड्डा जुना. वाचनालयांत आजही पत्रव्यवहार श्रीलिपी, कृतीदेव अशा जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टांत टंकलेला असतो. तिथून उचलून विकीत डकवलं की इंग्रजी अक्षरांचा खिचडा दिसतो आणि माणूस बिचारा म्हणतो की तुमची विकीच बिघडली. मदतीच्या पहिल्याच पानावर एखादा युनिकोड परिवर्तक आणि दोन ओळी द्या.

चिंटू_रूट

'प, स, तक' आत्ताच करून बघितलं. खरंय. माझी विकेट पडली असं समजू नका, पण हा नो-बॉल नव्हता.

ग्रंथसखी

देवनागरीवाला, कृतीदेवचं अगदी तंतोतंत. आमच्या संचालक मंडळाचे ठराव सगळे तसेच आहेत.

मला वेगळीच काळजी आहे. लोक पडद्याचा फोटो काढून टाकणार. त्यात सभासदांची नावं, फोन नंबर, कुणाकडे किती वर्गणी थकलीय ते सगळं दिसतं. गटात रोज दिसतंच. विकीवर गेलं तर ते जगाला दिसेल ना?

मुळामुठा

दिसेल, आणि चित्र काढून टाकलं तरी इतिहासात राहील. मीडियाविकीत प्रचालकाला जुनी आवृत्ती दडवता येते, त्याचा अधिकार नीट देऊन ठेवावा लागतो. गिटमध्ये इतिहासच नव्याने लिहावा लागतो आणि तोवर कुणी क्लोन केलं असेल तर गेलंच. पानकिडा, सॉफ्टवेअरमध्येच एक नमुना वाचनालय टाकून द्या. खोटे सभासद, खोटे नंबर. फोटो काढायचे ते त्यातलेच.

पानकिडा

नमुना वाचनालय भारी कल्पना आहे, पुढच्याच आवृत्तीत घालतो. स्पॅमचं काय करता तुम्ही लोक?

सदोबा

उघडी मीडियाविकी टाकून महिनाभर गावी जा, परत येईपर्यंत तिथे औषधांचं दुकान लागलेलं असेल. नावनोंदणीच्या वेळी स्वतःचा प्रश्न विचारायची सोय मीडियाविकीसोबतच येते, एकाच प्रश्नाची अनेक उत्तरं ग्राह्य धरता येतात. प्रश्न मराठीत आणि तुमच्या धंद्यातला ठेवा: 'सार्वजनिक ग्रंथालयांचा सर्वात वरचा वर्ग कोणता?' ग्रंथपाल झोपेत सांगेल. हल्लीचे हुशार बॉट तेही सांगतील म्हणा. म्हणून नवीन खात्याचं पहिलं संपादन कुणी तरी नजरेखालून घालावं. वाचनालयं मोजकी आहेत, तर नोंदणीच बंद ठेवून खाती तुम्हीच काढून दिली तरी चालेल.

अनामिक_वाचक

परवान्याचं कुणी बोललेलं नाही. पहिल्या पानाआधी ठरवा, नंतर प्रत्येकाला शोधून परवानगी मागत फिरावं लागतं. विकिपीडियाचा मजकूर सुरुवातीला ग्नूच्या मुक्त दस्तऐवज परवान्यावर होता. २००९ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्सवर जायचं तर लाखो लेखकांना विचारणं शक्यच नव्हतं. २००८ च्या नोव्हेंबरात फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने त्या परवान्याची १.३ ही आवृत्ती काढून खास वाट करून दिली म्हणून जमलं. तुमच्यासाठी कुणी तसली वाट काढणार नाही. क्रिएटिव्ह कॉमन्सचा सीसी बाय-एसए घ्या, संपादनाच्या खिडकीखाली मराठीत लिहा, विषय संपला.

आग्यावेताळ

अवांतर: २०१४ च्या डिसेंबरात आपल्याकडे सरकारी आदेशाने ३२ संकेतस्थळं अडवली होती, त्यात गिटहबचं जिस्ट, सोर्सफोर्ज आणि इंटरनेट आर्काइव्हसुद्धा होतं. पुढे उघडली, पण तेवढे दिवस लोक चाचपडले. म्हणजे परदेशी मोठं नाव आहे म्हणून कायम उघडेलच असं नाही.

ग्रंथसखी

आमच्याकडे सरकारने न अडवताही नेट जातं. पावसाळ्यात तर विचारू नका. छापील प्रत निघेल अशी काही सोय?

वैनतेया

निघेल. निवडक पानांची पीडीएफ दर आवृत्तीला काढून सॉफ्टवेअरच्या सोबतच द्यायची. अख्खी विकी हवी तर मीडियाविकीवरून किविक्सची फाईल बनवता येते, ती मोबाइलवर नेटशिवाय उघडते. मी ग्रंथसखींच्या जागी असते तर पीडीएफ छापून टेबलाच्या खणात ठेवली असती.

पानकिडा

भरपूर मिळालं. आमचं आपसांत बोलणं झालं, काय ठरलं ते लिहितो.

कसं बसवायचं, बॅकअप, परत आणणं आणि कोड लिहिणाऱ्यांसाठीची माहिती ही सगळी मार्कडाऊनमध्ये, कोडच्या शेजारी. ती आम्हीच लिहिणार आणि आवृत्तीसोबत बदलणार. चिंटूंचं म्हणणं तिथे शंभर टक्के लागू पडतं, कारण डेटा परत आणण्याच्या पानावर कुणी चुकीचं बटण लिहिलं तर एखाद्याचा वर्षभराचा हिशोब जाईल.

रोजच्या कामाचं सगळं मीडियाविकीवर, स्वतःच्या डोमेनवर. डोकुविकीवर जीव जडला होता, पण दृश्य संपादकाने पारडं झुकलं. प्रत्येक पानाच्या डोक्यावर 'हे आवृत्ती अमुकपासून लागू' असा साचा. नोंदणी बंद, खाती आम्ही काढून देऊ. गटातली जुनी उत्तरं चाळून सुरुवातीची पानं आम्ही टाकतो, म्हणजे लोकांना कोरं पान भरायचं दडपण नको, आमच्या चुका काढायला मिळतील. ग्रंथपाल चुका फार मनापासून काढतात असा अनुभव आहे.

ग्रंथसखी

:) काढूच. खातं 'ग्रंथसखी' याच नावाने मिळेल का? देवनागरीत? आणि मेल आयडी वाचनालयाचा द्यायचा की माझा?

देवनागरीवाला

मीडियाविकीत देवनागरी नाव चालतं. मेल तुमचा स्वतःचा द्या. पुतण्या आठवा.

चिंटू_रूट

माझं मत बदललेलं नाही. वर्षभराने आवृत्तीचे साचे कोण अद्ययावत ठेवतंय ते बघू. पण करताच आहात तर रात्रीचा डेटाबेस आणि चित्रं गोळा करून दुसऱ्या सर्व्हरवर पाठवणारी क्रॉनची (ठरल्या वेळी आपोआप चालणारी) स्क्रिप्ट माझ्याकडे तयार आहे, ती घ्या. महिन्यातून एकदा तो बॅकअप दुसऱ्या यंत्रावर उभा करून बघा. उभा राहत नसेल तर तो बॅकअप नव्हे.

पानकिडा

द्या. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.